बुधवारी निरवांगी

छबूबाईची सवत मरून चाळीस वर्षं उलटली होती, तरी छबूबाईचं तिच्याशी भांडण चालूच होतं. मेलेली बाई उलटून बोलत नाही, त्यामुळे ते मिटतही नव्हतं.

घरातल्या हंड्या-कळश्यांवर 'सौ. म्हाळसा' असं कोरलेलं. छबूबाईनं राख लावून लावून ते नाव घासलं. ते झिजायचं सोडून जास्तच चकाकायला लागलं. गळ्यात दुसरेपणाच्या रिवाजाप्रमाणे मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक, तोही हिनंच वागवायचा. जेमतेम दीड वर्ष संसार केलेल्या बाईचा तोरा बघा!

अशात शहाण्णवच्या उन्हाळ्यात भावकीनं वंशावळ छापायचं काढलं. या खेपेला बायकांची नावंही घालायची, माहेरासकट. काम आलं अप्पांकडे, म्हणजे छबूबाईच्या नवऱ्याकडे. जन्मभर बारामतीच्या मंडईत वांगी-टोमॅटो विकून अप्पा आता घरी बसले होते. त्यांना निमित्तच हवं होतं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, स्टँडवर जाऊन एसटीच्या वेळा उतरवून घेतल्या. सोमवारी डाळज, तिथं घराण्याचं मूळ. मंगळवारी शेळगाव, आतेभावाकडं मुक्काम. बुधवारी निरवांगी.

निरवांगी! म्हाळसाचं माहेर. छबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं स्वतःचं माहेर सणसर, एसटीनं अर्ध्या तासावर. वहीत त्याचा पत्ताच नव्हता.

"म्हातारपणी सासुरवाडी आठवली व्हय?" भाकरी थापता थापता ती म्हणाली. "नवा सदरा घालून जावा."

अप्पा नुसते हसले. जाण्याआधी खात्री करावी म्हणून त्यांनी निरवांगीच्या सरपंचांना कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, म्हाळसा नावाची मुलगी आमच्या गावातून बारामतीला दिल्याचं कुणालाच आठवत नाही. चाळीस वर्षांत सासऱ्याचं नावही विसरलेल्या अप्पांना वाटलं, गावही आपणच चुकलो असू. त्यांनी वहीत लिहिलं, 'पहिली पत्नी म्हाळसा. आईवडील, माहेर: माहिती नाही.' आणि बुधवारवर काट मारली.

छबूबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली. कारण खरी गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. हेव्यापोटी तिनं सवतीची सगळी कुंडली गोळा केली होती. निरवांगीची भामाबाई कासारीण बांगड्या भरायला आली, की छबूबाई तिला चहा पाजून खोदून खोदून विचारायची. ती कासारीणही आता राहिली नव्हती. छबूबाई गप्प बसली, की सवत कायमची पुसली जाणार होती.

दोन दिवस ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी हंडा घासताना मात्र तिला संताप आला, आणि तो सवतीचा नव्हता. जिच्यापायी आपण जन्मभर जळलो, तिला या माणसानं दोन शब्दांत उडवलं? मग आपली काय कथा?

हात न धुताच ती ओसरीवर आली.

"म्हाळसा नाव तुमच्या आईनं लग्नात ठेवलं. निरवांगीत ते कुणाला ठावं असणार? तितं ती नकोशी. चौथी पोरगीच झाली म्हणून ठेवलेलं नाव. बाप भिमा, आई सरुबाई. बोरं लई आवडायची तिला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी तापानं गेली. लिवा."

अप्पांनी भराभरा लिहून घेतलं. "तुला गं कसं ठावं एवढं?"

"तुमाला कसं ठावं न्हाय?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. छबूबाई उभीच होती.

"आन माझं?"

"तुझं काय लिवायचं? तू हायेस की हितं."

छबूबाईनं राखेचे हात पदराला पुसले. "तिचं सांगायला मी हाय," ती म्हणाली. "मी गेल्यावर माझं सांगायला मला कुठं सवत हाय?"

अप्पांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि मान वर न करता विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गं?"