साहेबांचा पांढरा शर्ट

फील्डवर जाताना गडद कपडे घालायचे, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी तो एकदाही मोडला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं माझ्यावर ढकललं गेलं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही अमरावतीहून जयपूरला, राजा पार्कात आलो होतो आणि मी तिथल्याच झालाना भागातल्या एका कचेरीत कंत्राटावर लागले होते. काम उपग्रहाच्या चित्रांचं. साधा कॅमेरा तीन रंगांवर भागवतो. उपग्रहावरचा हा कॅमेरा प्रकाशाचे दोनशेवर बारीक पट्टे वेगवेगळे मोजायचा, त्यातले कित्येक डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे वरून सारखेच हिरवे दिसणारे गहू आणि जव वेगळे काढता येतात. पण आधी कुणीतरी भर दुपारी शेतात उभं राहून खऱ्या गव्हाचा, खऱ्या जवाचा प्रकाश मोजून आणावा लागतो. ते काम माझं होतं.

रीत सोपी. आधी एक पांढरी चकती मोजायची, ती पडलेला जवळपास सगळा प्रकाश परत देते. मग पीक मोजायचं. चकतीच्या मानाने पिकाने किती प्रकाश परत दिला, ते पट्ट्यापट्ट्याने आलेखावर मांडलं की त्या पिकाची रेघ तयार होते. मात्र शेजारच्या माणसाच्या कपड्यांवरून उडालेला उजेडही मोजायचं यंत्र पिकाच्याच नावावर घालतं. म्हणून गडद कपडे.

"काळं काहून घातलं वं? संक्रांत होऊन गेली ना!" आई दारातच अडवायची. मी तशीच निघायची.

एके दिवशी जयपूरबाहेर चौमूंजवळच्या शेतात आमच्या कचेरीचे साहेब स्वतः आले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट. फोटो काढून घ्यायला ते थेट यंत्राजवळ येऊन उभे राहिले.

"सर, पीछे हटिए," मी म्हणाले.

"अरे, मैं क्या धूप रोक रहा हूँ?" ते हसले आणि तिथेच राहिले. मी वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पांढरा शर्ट, दोन हातांवर.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघांना निळ्या भागात एक उंचवटा निघाला. गव्हालाही, जवालाही. साहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला: मोजणाऱ्या मुलीच्या चुकीने रीडिंग बाद, यापुढे तिला फील्डवर पाठवू नये. खाली माझी सही हवी होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! माझ्या अंगाची लाही लाही झाली. टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या रेघा बघत बसायला मी हे शिकले नव्हते.

"सही नाही करणार," मी हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दुपारी बारा वाजता हिरवळीवर या. याच पांढऱ्या शर्टात."

येतील असं मला वाटलं नव्हतं. पण सगळी कचेरी बाहेर आली, तेव्हा त्यांनाही यावंच लागलं. साहेब लांब असताना मी चकती मोजली, मग गवत मोजलं. रेघ साफ आली. "सर, आता कालच्यासारखे उभे राहा." ते उभे राहिले आणि लॅपटॉपवर तोच उंचवटा, त्याच जागी, वर आला.

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक रसायन असतं. उन्हातले न दिसणारे किरण पिऊन ते निळा उजेड बाहेर टाकतं. हे मी समजावून सांगितलं, आवाज अजिबात न उतरवता. साहेबांनी तो कागद चार घड्या घालून खिशात टाकला. माफी मागितली नाही, आणि मलाही ती नको होती.

पुढच्या आठवड्यात त्याच शेतात पुन्हा मोजायचं ठरलं. यादीत माझं नाव होतं. साहेबही आले, शर्ट पांढराच. जीपमधून उतरून ते बांधावर थांबले आणि तिथूनच ओरडले, "यहाँ ठीक है?"

मी चकतीवरून मान वर केली नाही.

"और पीछे, सर."

आणि ते मागे सरले.