प्रिंटर ओळख देईना

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर लोकांची टायपिंगची कामं करायचो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी आणि तिचे वडील मला पाहायला आले. हो, मलाच. मुलगा नोकरी करत नाही, डब्ब्यासमोर बसतो, असं वडिलांच्या कानावर गेलं होतं. तेव्हा आधी डब्बा काय करतो ते पाहू, मगच पोह्यांना हात लावू, अशी त्यांची अट होती. मुलगी मला पाहताक्षणी आवडली. त्यामुळे जीभ नको तेवढी चालत होती.

"काका, तुमच्या नावाचा कागद कसा सर्रकन बाहेर येतो पाहा," म्हणत मी ऐटीत बटण दाबलं.

कागद आला नाही. पडद्यावर उमटलं, प्रिंटर सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे काय? पाटावरच्या नवरदेवासारखा फुगून बाजूलाच तर बसला होता! मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रिंटर बंद करून चालू केला. वायर दाबून पाहिली. शेवटी चिडून प्रिंटरच्या पाठीत एक धपाटा घातला. तो नुसता "टीं" म्हणाला.

"आमचा विहिरीवरचा पंप असाच करते," काका म्हणाले. "त्याले पयले पानी पाजा लागते." आणि खरोखरच पाण्याचा पेला घेऊन उठले. मी प्रिंटरवर आडवा पडलो.

"शेजारी बसला हाये अन् ओळखत नाही! नागपुरात असं कोनी करते का गा?" काकांनी टोपी उचलली. "चाल वं, निघू."

यंत्र गेलं चुलीत, मुलगी चालली होती. तेवढ्यात तिला प्रिंटरच्या मागे कुंकू दिसलं. दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्या आईला तिनं विचारलं, "काकू, काल याची पूजा केली का? दसऱ्यानंतर आमची शिलाई मशीन दरवर्षी अशीच अडते."

"नाही तं काय! वर्षभर राबते बिचारं," आई म्हणाली. "पूजेच्या दिवशी अवजार कामातून सोडवा लागते, म्हनून वायर काढली. दोन्हीकडे हळद-कुंकू वाहलं, अक्षता टाकल्या अन् होती तशी लावून देली."

होती तशी! मी कपाळावर हात मारला.

मुलीनं केसांतला आकडा काढला, वायर सोडवली आणि प्रिंटरच्या खोबणीतून लाल तांदूळ टोकरून टोकरून तळहातावर घेतले. मी कुंकू पुसत होतो. वाकताना आमची डोकी आपटली आणि मला फार आनंद झाला. मघापासून अर्धवट लटकलेली वायर आता खटकन बसली.

बटण दाबलं. प्रिंटर केकाटत सुटला आणि काकांच्या नावाचा कागद बाहेर आला. काकांनी तो उलटसुलट पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि टोपी पुन्हा खुर्चीवर ठेवून बसले.

मुलीनं हातातल्या तांदळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते सगळेच्या सगळे माझ्या डोक्यावर टाकले.

"अवं थांब पोट्टे!" काका ओरडले. "मले पयले पोहे तं खाऊ दे!"