मागावरचा लाल

अर्धा एप्रिल सरला तरी साल्मेच्या खोलीतला माग निघाला नव्हता.

उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या किह्नू बेटावर एव्हाना सगळ्यांचे माग सुटे होऊन माळ्यावर गेले होते. बर्फ वितळलं आणि पहिली बोट धक्क्याला लागली की खिडकीपाशी माग ठेवत नाहीत. ती जागा बटाट्यांची. बियाण्याचे बटाटे तिथं उजेडात पसरायचे, त्यांना कोंब फुटू द्यायचे. शेजारी दुधाच्या कापलेल्या खोक्यांत कोबीची, टोमॅटोची रोपं. साल्मेची रोपं चुलीमागे उभी होती. उजेडावाचून ती लांबट आणि फिकी झाली होती. येताजाता साल्मे त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

मागावर घागऱ्याचं कापड होतं. लाल.

सात वर्षांत तिनं लाल विणलं नव्हतं. बेटावर बाईच्या घागऱ्याचे पट्टे बघितले की तिच्या घरातलं कळतं. माणूस गेलं की काळा. वर्षानंतर निळा, जांभळा. मग लालाची एक रेघ, मग दोन, असं सावकाश परत यायचं. साल्मेचा नवरा आर्वो जाळं ओढता ओढता किनाऱ्यावरच कोसळला. त्याचं काळं फिटत आलं तेव्हा तिचे वडील गेले. वडिलांच्या निळ्यात पहिली लाल रेघ आली आणि भाऊ गेला. आता भावाचंही सरलं होतं. ती एकोणपन्नास वर्षांची होती. हा घागरा भरून लाल होणार होता, मध्ये फक्त हिरव्या-पिवळ्या बारीक रेघा.

मागच्या खोलीत सासू झोपून होती. लीसू, एक्क्याण्णव वर्षांची. मार्चपासून तिनं अंथरूण सोडलं नव्हतं. नर्स येऊन गेली. हृदय थकलंय, म्हणाली. दिवस म्हणा, आठवडे म्हणा.

सासू घागऱ्याआधी गेली, तर लाल कापड तसंच पेटीत जाणार होतं. साल्मे पुन्हा काळ्यात. एकदा जरी लाल अंगावर चढला तर पुढचं काळं आपल्याला सोसेल, असं तिला वाटे. का, ते तिला सांगता आलं नसतं. कापड आठ हात लागायचं. पाच झालं होतं.

आणि हे मनात आलं की ती मागावरून उठायची. एका मरणाशी आपण शर्यत लावली आहे, हे तिला बसू देत नव्हतं.

उठून ती बागेत जायची. जमीन वाळूची, दगडांची. किनाऱ्यावरचं शेवाळ आणून टाकल्याशिवाय तिथं काही येत नाही. साइडकारच्या मोटरसायकलवरून ती ओलं शेवाळ आणायची, अर्धा वाफा भरायची आणि काटेफावडं मातीतच उभं सोडून घरात यायची. घरात पुतणीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायचे हातमोजे होते. तेरा जोड झाले होते, सतरा राहिले होते. दोन ओळी झाल्या की ते ठेवून ती स्वेटर उचलायची. तो शहरातल्या एका गिऱ्हाइकाचा, निळा-पांढरा, बारीक सुयांचा. मग चुलीवरचं सूप उतू जायचं. मग लीसूला कुशीवर वळवायचं असायचं. मग परत माग. संध्याकाळी सगळंच थोडंथोडं पुढं सरकलेलं असायचं आणि पुरं काहीच झालेलं नसायचं.

शेजारची एर्ना कांद्याची रोपं द्यायला आली. दोघी एका वर्गातल्या. एर्नानं स्वेटर उचलून खिडकीशी धरला. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती.

"या माणसाची होडी गोल गोल फिरणार," एर्ना म्हणाली. "एक वल्हं आखूड, एक लांब."

साल्मे हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग एर्नानं मागाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाकी सगळं टाक गं. हे आधी उरक. घागरा एकदा अंगावर चढला की चढला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

साल्मेनं तिच्या हातातून स्वेटर काढून घेतला आणि कांदे ओलेच लावायला हवेत असं काहीतरी बोलली. एर्नाला कळलं. ती निघून गेली.

आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि साल्मेला त्याची शिसारी आली. दोन दिवस ती मागाजवळ फिरकली नाही. सगळे वाफे तिनं खणून काढले. पाठ मोडली. तिसऱ्या दिवशी तिला एक तोड सुचली. उरलेल्या कापडात निळं घालायचं. जास्त नाही, लालात निळ्याच्या रेघा, मग जरा जाड. सासू राहिली तर घागरा चालून जाईल. गेली, तर वर्ष-दीड वर्षानं तोच बाहेर काढता येईल. शर्यतच उरणार नाही. तिला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तिनं दीड हात विणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सूप घेऊन आत गेली. लीसूनं चमचा हातानं बाजूला केला.

"मागावर काय लावलंयस?"

"घागरा, आई. माहितीये की तुम्हाला."

"आधी विणत होतीस तो मला माहितीये. लांब लांब चालायचा. रंगाचा धोटा न बदलता वीस-वीस ठोके. लाल तसंच चालतं." लीसूनं श्वास घेतला. "काल सकाळपासून चार ठोके आणि थांबतेस. चार ठोके आणि थांबतेस. हे निळं आहे. मी ऐंशी वर्षं विणलंय, साल्मे. मला इथं पडल्या पडल्या दिसतं ते."

साल्मे वाटी धरून उभी राहिली.

"कुणासाठी घातलंस निळं? मी तर अजून इथं आहे."

"वाया जाऊ नये म्हणून," साल्मे म्हणाली.

"काय वाया? लोकर?"

लीसू तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे पाणावलेले होते, पण ते नेहमीच तसे असायचे.

"मी जायची वाट बघतेस की जाऊ नये याची?"

सूप निवलं.

"दोन्ही, आई," साल्मे म्हणाली. "घटकेघटकेला बदलतं."

लीसूच्या घशातून आवाज आला. साल्मेला खोकला वाटला. ती हसत होती.

"माझी सासू सहा वर्षं अंथरुणात होती," लीसू म्हणाली. "माझं तर ठरलेलं होतं. जायची वाट बघायची." मग तिनं डोळे मिटले. "उसव ते. माझ्या मरणाचे पट्टे माझ्या कानाशी विणू नकोस. मला झोप येत नाही त्यानं."

उसवणं म्हणजे पायानं एकेक पावडी दाबायची, एकेक धागा परत काढायचा, गुंडाळायचा. दीड हात विणायला दोन दिवस लागले होते, उसवायला तीन लागले. हे तीन दिवस मिळतील याची खात्री कुणालाच नव्हती. साल्मे मात्र उठली नाही. हातमोजे पडून राहिले. वाऱ्यानं वाफ्यावरचं शेवाळ उडालं, ते तिनं खिडकीतून बघितलं. आतून मधूनमधून हाक यायची, "संपलं?" आणि ती म्हणायची, "नाही अजून." एकदा बराच वेळ हाक आली नाही तेव्हा तिचे हात धाग्यावरच थांबले. मग आतून थुंकीची वाटी वाजली आणि हात पुन्हा चालू लागले.

मग लाल. वीस ठोके, वीस ठोके. मधल्या भिंतीपलीकडे कुणीतरी ते मोजत होतं, हे आता तिला पक्कं माहीत होतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कापड मागावरून उतरलं. माग सुटा करायला एर्ना आली. त्याच दिवशी खिडकीपाशी बटाटे पसरले, पण त्यांना अंधारातच पांढरे कोंब फुटून गेले होते. ते जपून हाताळावे लागत होते. चुण्या घालायला चार दिवस गेले. शिवण घाईची होती. कमरेशी एक चुणी वाकडी बसली, ती तिनं तशीच ठेवली.

लीसूला घागरा दाखवला तेव्हा तिनं कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि ठोका जरा सैल पडलाय, म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साल्मे तो घालून बटाटे लावायला बसली. नवा घागरा कुणी मातीत नेत नाही, पहिल्यांदा रविवारी चर्चला घालतात. पण रविवार चार दिवसांवर होता आणि चार दिवस तिला लांब वाटले. ऊन होतं, वारा गार. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायकांनी मोटरसायकल हळू केली, नीट बघून घेतलं, मान हलवली आणि गेल्या. साल्मेनं मानेनंच उत्तर दिलं. छातीत काहीतरी भरून येईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कोंब मोडू नयेत याकडेच लक्ष होतं, आणि कान मागच्या खिडकीकडे.

तिसरी सरी संपली तेव्हा तिला राहवलं नाही. मातीचे हात तसेच घेऊन ती आत गेली, दारात उभी राहिली. लीसू डोळे मिटून पडली होती. पांघरूण वर गेलं, खाली आलं. बराच वेळ गेला. परत वर गेलं.

"लावून झाले?" डोळे न उघडता लीसूनं विचारलं.

"तीन सऱ्या झाल्या. चार राहिल्यात."

"मग इथं काय बघतेस?"

साल्मेनं हात घागऱ्याला पुसले. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. लालावर बोटांचे मातकट डाग उठले होते. ती ते झटकायला गेली, आणि न झटकताच बाहेर गेली. चार सऱ्या अजून बाकी होत्या.