ईयोबाच्या शेवटाची घाई

आमच्या समोरच्या घरात, तळमजल्यावर, पडदे शिवून मिळतात. शिवणारी बाई एका जागी बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने मला सांगावं. कापड बेतता बेतता ती चहाचं आधण ठेवते आणि आधणाला उकळी फुटायच्या आत शेजारच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाची खिडकी मोजून येते. सगळे तिला भिंगरी म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. तिचा नवरा म्हणतो, लग्नात फोटो काढणाऱ्याने हिला तीनदा हाक मारली, तरी फोटोत हिची पाठच आली.

तिच्या जोडीला तिची धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते, जिना आतूनच आहे. भिंगरी कापते, धाकटी शिवते. धाकटीचा हात सावकाश आणि शिवण अशी सरळ की पडदा उलटा लावला तरी कळू नये.

दुपारचं जेवण झालं की दोघी बायबलचा पाठ ऐकतात. एक मास्तर आहेत, त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं शास्त्र रोज अर्धा अर्धा तास शिकवलं आहे, काही न गाळता. पाठ सगळे फोनमध्ये आहेत, पण रोज एकच आणि ओळीनेच ऐकायचा, हा दोघींनी घातलेला नियम. मशीन चालू असलं की मास्तरांचा आवाज बुडतो, म्हणून तेवढा वेळ दोन्ही मशीनं बंद आणि हातकाम चालू. कड्या लावायच्या, काठ टाचायचा, चुकलेली शिवण उसवायची. हातकाम संपलं की भिंगरी उठून जाणार हे धाकटीला पक्कं ठाऊक. याजकांचे नियम आणि कुळांच्या याद्या चालू होत्या त्या दिवसांत ती भिंगरीच्या हातात चांगली शिवणसुद्धा उसवायला द्यायची.

"नोहाला त्या जहाजातून खाली उतरू दे ना आता, मला संध्याकाळी पडदे पोचवायचेत," भिंगरी म्हणायची.

"ताई, तुमच्या हातात असतं तर तुम्ही त्याला पूर ओसरायच्या आधीच उतरवलं असतं."

अशी दोन-अडीच वर्षं गेली. आणि मग धाकटीचं बाळ गेलं. दिवस भरत आलेले होते. मुलगा होता, पण तो रडलाच नाही. दवाखान्यातून परत आल्यावर धाकटी खाली येईना. पाठ बंद पडला. भिंगरी एकटी दोन्ही मशीनांवर काम करू लागली आणि तिची शिवण वाकडी जाऊ लागली.

बऱ्याच दिवसांनी धाकटी एका दुपारी आपणहून खाली आली आणि म्हणाली, "पाठ लावा." एस्तेर राणीची गोष्ट संपून ईयोब सुरू होत होता. ज्याची गुरं, घर, मुलंबाळं एका दिवसात गेली तो ईयोब. धाकटी मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली. पाठ संपल्यावर तिने विचारलं, "हा देवाला विचारणार ना, की असं का केलंस?"

"विचारणार असेल."

"मग देव काय सांगतो ते मला ऐकायचंय."

बाळ गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. भिंगरीला राहवेना. ईयोबाचे पाठ मोजून बघितले तर महिनाभर पुरतील इतके. तेवढा वेळ ही पोर उत्तराची वाट बघत बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कानात फोनची बोंडं घातली, ईयोबाचा शेवटचा पाठ लावला, वेग दुप्पट केला आणि भांडी घासता घासता ऐकून टाकला. हात पुसले आणि थेट कापायच्या टेबलाशी गेली. धाकटी कड्या लावत होती.

"अगं, शेवट गोड आहे," भिंगरी म्हणाली. "त्याला सगळं परत मिळतं. मुलंसुद्धा पुन्हा होतात, तितकीच."

धाकटीने सुई थांबवली.

"आणि आधीची?"

धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली आणि ती जिना चढून गेली. संध्याकाळी धाकट्या दिराने येऊन सांगितलं, की रविवारी तिचा भाऊ न्यायला येतोय. किती दिवसांसाठी ते माहीत नाही. खोलीत बॅग काढून ठेवली आहे.

भिंगरी माझ्याकडे आली ती तशीच उभी राहिली. माझ्या ओट्यावरचे डबे उचलून पुन्हा ठेवू लागली.

"शास्त्रात आहे तेच सांगितलं ना मी? माझ्या पदरचं घातलं का काही?"

"बस तरी आधी."

"बसून काय होणारे? चहा नेला, तिने दाराशी ठेवायला सांगितला. माफी मागितली तर म्हणते, तुम्ही काही वाईट बोलला नाहीत ताई. म्हणजे बोललेच ना मी!"

"तिला काय वाटलं असेल?"

डबा तिच्या हातात राहिला. "तिला वाटलं असेल, मी म्हणतेय दुसरं होईल, पहिलं विसर," ती हळूच म्हणाली. आणि माझा डबा भलत्याच फळीवर ठेवून निघून गेली.

पुढचे दिवस तिने जे केलं ते तिच्या जन्मात केलं नसेल. राहून गेलेले पाठ ओळीने, साध्या वेगात ऐकले. नियमाला हरताळ तिने आधीच फासला होता, त्यामुळे एका दिवसात पाच पाच. हातकाम संपलं तेव्हा जुन्या चादरी उसवल्या. मी पडद्याचं माप द्यायला गेले तर समोर धाग्यांचा ढीग.

"ईयोबाचे मित्र येतात बघ भेटायला," ती मान वर न करता म्हणाली. "आठवडाभर नुसते जमिनीवर बसून राहतात, त्याच्याजवळ. एक शब्द नाही. मास्तर म्हणतात, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग एकेकाने तोंड उघडलं आणि संपलं. सगळे माझेच भाऊबंद. प्रत्येकाला उत्तर ठाऊक."

शनिवारी ती पुन्हा आली, या वेळी धावत. शेवटचा पाठ तिने नीट ऐकला होता.

"अगं, मी भांडी आपटत ऐकलं, त्यात सुटलं होतं. गुरं त्याला दुप्पट मिळतात. उंट दुप्पट, मेंढरं दुप्पट. मुलं मात्र होती तेवढीच. मास्तर म्हणतात, कारण आधीची वजा झालीच नव्हती. देवाच्या हिशेबात ती होतीच, नवी धरून दुप्पट." तिचे डोळे भरले होते. "आधीची कुठे, हेच विचारलं होतं ना तिने? जाऊन सांगते."

"जा," मी म्हटलं. "पण मागच्या वेळीही तू अशीच गेली होतीस."

ती दारात थबकली. चप्पल एका पायात, दुसरी हातात. मला वाटलं आता चिडेल. पण तिने दुसरी चप्पल सावकाश पायात घातली आणि गेली.

त्यानंतरचं मला धाकटीने सांगितलं. भिंगरी वर आली, हातात काही काम नव्हतं. बॅगेशेजारी जमिनीवर बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बोटं ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती. ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

"ताई, तुम्हाला काही सांगायचंय," शेवटी धाकटीच म्हणाली.

"हो. पण सांगणार नाही."

"मग काय करणार?"

"बसणार. तू हाकललंस तर जाईन."

धाकटीने हाकललं नाही. मग भिंगरीने सांगितलं काहीच नाही, फक्त विचारलं. "बाळ कसं होतं गं दिसायला? मला कुणी दाखवलंच नाही."

तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. धाकटीने सांगितलं. केस दाट होते, कपाळावर आलेले. एक कान थोडा दुमडलेला, तिच्या नवऱ्याचा आहे तसाच. भिंगरीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

रविवारी भाऊ आला. चहा घेतला, पडद्यांची थोडी चेष्टा केली आणि एकटाच परत गेला.

सोमवारी दुपारी मी माझा पडदा आणायला गेले तर दोन्ही मशीनं बंद. धाकटी पाठ शोधत होती.

"ईयोबाचा दुसराच लावू ना? तुमचे तर सगळे ऐकून झालेत म्हणे."

"दुसराच लाव."

"मग त्या आधीच्या मुलांचं शेवटी काय ते कळतं का हो, ताई?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याची घडी घालू लागले. तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तो तीनदा चुकला.

"कळतं," ती म्हणाली. "महिना आहे अजून. ऐकू ओळीने."