पाव्हण्यांची वॉरंटी

लोखंडाशी आमच्या साडूंइतक्या अदबीने बोलणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि माणसांना इतक्या सहज अरेतुरे करणाराही. सरपंच, फौजदार, बँकेचा साहेब, सगळे त्यांच्या लेखी 'तू'. 'तुम्ही' फक्त मशिनींना. आणि मला, कारण मी तुळजापुरात शाळेवर इंग्रजी शिकवतो आणि इंग्रजी हीही एक मशीनच आहे असं त्यांचं मत आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. अणदूरला हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. तिथला लोखंड कातायचा जुना लेथ त्यांच्या वडिलांच्या वेळचा. त्याचं नाव म्हातारबा. सकाळी शटर उघडलं की दाजी आधी त्याची चौकशी करतात, आणि उत्तर ऐकायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवून मूठ आपल्या कानाला लावतात. मशीनच्या पोटातलं दुखणं त्यांना असं खरोखर ऐकू येतं. आमच्या घरी आले की चहाच्या आधी मिक्सर खोलतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मंडपातला पंखा उतरवून खोलला होता आणि मी अंतरपाटाआड घामाने निथळत उभा होतो. पंखा बंद पडला नव्हता. त्याचा आवाज दाजींना पटला नव्हता.

अशा माणसाच्या नशिबी परदेशी मशीन यावी आणि तिच्या पाठीवर 'हे सील तोडल्यास वॉरंटी संपुष्टात येईल' अशी पट्टी चिकटवलेली असावी, याला मी तरी क्रूर थट्टाच म्हणेन. घ्यायची हौस नव्हती. दर हंगामाआधी साखर कारखान्याच्या पंपांचे शाफ्ट आणि पिना दाजींकडेच व्हायच्या. कारखान्याने कळवलं, यापुढे माप केसाइतकंही चुकलेलं चालणार नाही, जमत नसेल तर काम सोलापूरला देऊ. म्हातारबाच्या हाडांना ते झेपणारं नव्हतं. म्हणून कॉम्प्युटरवर चालणारा लेथ सातासमुद्रापलीकडून आला, मोठ्या लाकडी खोक्यातून, थर्माकोलच्या ढिगात बसून. दाजींनी त्याचं नाव ठेवलं पाव्हणं. पाहुण्यांसाठी काचेची खोली केली, एसी बसवला, आणि स्वतः बाहेर तापल्या पत्र्याखाली बसून राहिले. आत जायचं तर चपला काढून. "पाव्हण्यांना आपलं ऊन सोसत न्हाय," म्हणायचे. पहिल्याच दिवशी खंडोबाचा भंडारा आणून पाहुण्यांच्या माथ्यावर उधळला, खंडेनवमीला पुन्हा उधळला, झेंडूचा हार घातला, आणि मी कौतुकाने फोटो काढला. तो फोटो काढला नसता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे रुसले. दहा मिनिटं चालायचे, तापायचे, पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि सगळं ठप्प. दाजींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. "सर, पाठीतला पंखा अडकलाय. दोन स्क्रूचं काम हाय." मी म्हणालो, मग खोला की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरी करायला सांगितली होती. "म्या वॉरंटीच्या कागदावर सही केलीय. त्यांच्या घरच्यांना न इचारता पोटात हात घालायचा व्हय?" उभ्या जन्मात न विचारता जगाची पोटं खोललेला हा माणूस त्या पट्टीपुढे हात बांधून बसला. मग सुरू झाला फोन. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. सोमवारी इंजिनिअर येईल. सोमवार गेला. पुढचा सोमवार गेला. कारखान्यातून रोज विचारणा होऊ लागली, कारण गाळप तोंडावर आलं होतं. दाजींना राग येत नाही, पण त्या आठवड्यात ते फोनवरच्या बाईला म्हणाले, "आमचा खंडोबाबी ठरल्या दिशी अणदूर सोडून नळदुर्गाला जातो आन ठरल्या दिशी माघारी येतो. तुझा इंजिनेर देवापरीस मोठा हाय का गं?" बाईने तक्रारीचा नवा नंबर दिला.

शेवटी माझी इंग्रजी कामाला लागली. मी अशी ई-मेल लिहिली की लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहिली. ही मशीन आमच्यासाठी नुसती मशीन नाही, आम्ही तिच्यावर श्रद्धेने भंडारा उधळतो, तिला हार घालतो, इतक्या निगुतीने ठेवलेलं यंत्र तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाही. सोबत फोटो. कंपनीला पाझर फुटेल अशी माझी खात्री होती. पाझर फुटला नाही, पण चौथ्या दिवशी इंजिनिअर उगवला. सीलला त्याने हातही लावला नाही. पाहुण्यांच्या माथ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि विचारलं, "ही पावडर कसली?" लांबून आलेला माणूस म्हणून दाजींनी त्याच्याही कपाळाला भंडारा लावला. गाडीत बसताना त्याने रुमालाने तो पुसलेला मी पाहिला. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: मशीनवर पिवळी भुकटी आढळली, ग्राहकाने तसे लेखी कबूल केले आहे, वॉरंटी लागू नाही. मी ते दाजींना मराठीत वाचून दाखवलं. लेखी कबुली माझी होती, एकही व्याकरणाची चूक नसलेली.

दाजींनी ओल्या फडक्याने ती पट्टी अलगद सोडवली, घडी करून खिशात ठेवली, आणि दोन स्क्रू काढले. पंख्याच्या पात्यात वाटाण्याएवढा थर्माकोलचा तुकडा अडकला होता. त्यांच्याच खोक्यातला. तो निघाला, पंखा फिरला, पाहुणे चालू झाले. चहा आणायला गेलेला माणूस तोवर परतलाही नव्हता. फक्त आदल्याच दिवशी कारखान्याचं काम सोलापूरला गेलं होतं, आणि ते आजतागायत परत आलेलं नाही. आता पाहुणे ट्रॅक्टरच्या पिना काढतात, ज्या म्हातारबानेही काढल्या असत्या.

माझं डोकं फिरलं होतं. म्हणालो, दाजी, आत्ताच्या आत्ता लिहितो, या तुकड्याचा फोटो लावून लिहितो, त्यांची अब्रूच काढतो. त्यांनी तेलकट हात माझ्या मनगटावर ठेवला. "नगं सर. तुमी लई चांगलं लिव्हता. म्हणून नगं."

यंदा खंडेनवमीला मी मोबाईल घरी ठेवून गेलो. दाजींनी म्हातारबावर मूठभर भंडारा उधळला, ड्रिलला लावला, करवतीला लावला, पान्यांना लावला. मग चपला काढून काचेच्या खोलीत गेले. चिमटीत भंडारा तसाच. "लावा की दाजी," मी म्हणालो, "आता कुठली वॉरंटी आलीय?" ते पाहुण्यांकडे बघत राहिले. "न्हाय सर. त्यांच्यात चालत न्हाय," म्हणाले, आणि वळून तो भंडारा माझ्या कपाळाला लावला. चारचौघांत त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. तुळजापूरच्या गाडीत घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, झोंबत होता. घर येईपर्यंत मी कपाळाला हात लावला नाही.