पडद्याआड रेंज नव्हती

मी कॉफीच्या दुकानात बसून नोकरी करते, हे आमच्या लोकांना मला कधी नीट सांगताच आलं नाही. 'हॉटेलात बसते' एवढंच त्यांना कळायचं आणि पुढचं ऐकायची कुणाची तयारी नसायची. बाईनं हॉटेलात जायचं ते घरच्यांबरोबर, खायचं आणि उठून यायचं. लॅपटॉप उघडून दिवसभर बसते म्हणजे काय? सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग सोडून दिलं. ज्यांना समजूनच घ्यायचं नाही त्यांच्यापुढे घसा कशाला कोरडा करायचा!

बंगळूरला मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. आमची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायची आणि तो कुठं अडतो ते शोधणं माझ्याकडे होतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी गुलबर्ग्याला परत आले. शहराच्या पाटीवर तेव्हा अजून गुलबर्गाच होतं. अव्वाला, म्हणजे आईला, एकटीला त्यांना उठवणं-बसवणं जमत नव्हतं. सकाळचा व्यायाम मीच करून घ्यायची. ऑफिसातल्या मॅडमनी तिकडून काम करायला परवानगी दिली ती दोन अटींवर: कॉल तुटता कामा नये आणि मागे गोंगाट नको. नाहीतर परत ये, किंवा राजीनामा दे. आमच्या घरी सकाळी गेलेली वीज संध्याकाळी यायची. रेंज मिळावी म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारीसुद्धा बसून पाहिलं. तिथल्या उन्हानं लॅपटॉपच बंद पडला.

मग हे दुकान सापडलं. कॉलेजच्या रस्त्यावर, वळणाला, चार टेबलांचं. मालकाला सगळे अण्णाच म्हणायचे. चिकमंगळूरच्या मळ्यांत बरीच वर्षं काढून गावी परतलेला माणूस. बिया तिकडून मागवायचा, मागच्या खोलीत स्वतः भाजायचा आणि गिऱ्हाईक आल्यावरच त्याच्यापुरत्या दळायचा. दारावर कन्नड, उर्दू आणि मराठीत पाटी होती: 'इथे चहा मिळत नाही.' चहावर जगणाऱ्या गावात अशी पाटी लावायला छाती लागते. लोक आत डोकावायचे, 'काढा मिळतो वाटतं' म्हणून हसायचे आणि पुढे जायचे. अण्णा म्हणायचा, 'जाऊ द्या अक्का. ज्याला पायजे त्यो येतो.' त्याच्याकडे इन्व्हर्टर होता आणि माझ्यासारखाच हट्ट होता. आमचं जमलं.

त्या एवढ्याशा दुकानातही फॅमिली रूम होती. आमच्याकडे ती नसली तर हॉटेल चालतच नाही. कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, पुढे पडदा, आत एक टेबल. बायका आल्या की मालक तिकडे बोट दाखवतो आणि बायका मुकाट्यानं तिकडे जातात. अण्णाचा पडदा हिरवा होता आणि गुडघ्यापर्यंतच पोचायचा. पहिल्या दिवशी त्यानं मलाही तिकडेच बोट दाखवलं. मी जाऊन बसलेही. डेटाकार्डाचा दिवा लाल. बाहेर आले, एकेका टेबलाशी थांबून पाहिलं, आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी दिवा हिरवा झाला. तिथंच बसले. अण्णानं डोकं खाजवलं आणि कॉफी तिथं आणून दिली.

गोंगाटाचाही बंदोबस्त मी केला होता. दळायचं यंत्र घरघरलं किंवा बाहेर ट्रकनं हॉर्न दिला की माझं बोट म्यूटच्या बटणावर. मॅडम समजत होत्या की मी घरातल्या एखाद्या शांत खोलीत बसले आहे. मी त्यांना समजू दिलं.

असे काही महिने बरे गेले, आणि मग स्थळ आलं.

स्थळ आणलं ते आमच्या नात्यातल्या कापडवाल्या काकांनी. उमरग्याकडची माणसं, मुलगा पुण्यात नोकरीला. काका अप्पांच्या पलंगाशी बसून म्हणाले, 'सगळं चांगलं हाय. निस्तं ते पोरगी खिडकीत बसती, तेवढं त्येंच्या कानावर गेलंय.' मी समोरच उभी होते, पण हे मला कुणी सांगत नव्हतं. काकांची स्कूटर रोज त्या खिडकीसमोर हळू व्हायची, हे मी बघत होते.

काका गेल्यावर अप्पांनी मला जवळ बोलावलं. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं, एकेक शब्द जुळवून बोलावा लागायचा. 'पंधरा दिस आत बस की माय. पडद्यात. मग बस कुठंबी.'

'आत रेंज न्हाई, अप्पा.'

'कामून न्हाई?'

पडदा बांधताना मोबाइल कंपनीला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, 'तुम्ही जन्मभर अडतीवर रस्त्याकडं तोंड करून बसलाव. तुमाला कोण काय म्हणलं?'

'मी गडीमाणूस हाय.'

ते इतकं सरळ म्हणाले की मला राग यायलाही थोडा वेळ लागला. मग आला, आणि चांगलाच आला. पण त्या ओढलेल्या तोंडाकडे बघून गिळला. दुसऱ्या दिवशी पडद्याआड जाऊन बसले. कॉल तीनदा तुटला. मॅडम म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर सामान बांधून बंगळूरला ये. मी गेले असते तर अप्पांना कुणी उठवलं असतं? आणि नोकरी सोडली असती तर मला कुणी उठवलं असतं? संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, 'उद्यापासून खिडकीपाशी. स्थळ ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या.' अप्पांनी अव्वाकडे तोंड फिरवलं. अव्वा त्यांना म्हणाली, 'माझ्याकडं कामून बघायलाव? तुमच्यावरच गेलीय ती.'

दोन-चार दिवसांनी दुपारी मी कॉलवर होते. अण्णा कप ठेवायच्या निमित्तानं वाकला आणि हळूच म्हणाला, 'अक्का, फॅमिली रूममधी तिघं बसलेत. फॅमिली एकाचीबी संगट न्हाई.'

मी मान वळवली. पडद्याच्या फटीत एक डोळा होता. मी बघितल्यावर तो गेला आणि जरा वरच्या बाजूला दुसरा आला. पडद्याखाली सहा पाय दिसत होते. त्यातले बिनमोज्यांचे चकचकीत काळे बूट मी ओळखले. कापडवाले काका बाराही महिने तेच घालायचे.

मुलगी बघायला घरी यायच्या आधी ती कशी वागते हे गुपचूप पाहून जायची आमच्याकडे रीतच आहे. विहिरीवर बघतात, कॉलेजच्या फाटकाशी बघतात, जत्रेत बघतात. इथं कुठून बघणार? मी उघड्यावर बसलेली. तेव्हा लपायला जागा राहिली ती बायकांचीच, आणि हे तिघंही मिशीवाले जाऊन तिथं बसले. मला इतकं हसू आलं की बोट पुन्हा म्यूटवर न्यावं लागलं.

कॉल संपला. मी उठले आणि पडदा एका झटक्यात बाजूला सारला.

मध्ये मुलाचे वडील, पलीकडे त्याचे मामा, आणि भिंतीकडे सरकून लहान झालेले आमचे काका. तिघांपुढे बिनदुधाची काळी कॉफी, कुणी ओठाला लावलेली नाही.

'आम्ही आपलं सहज... चहा प्यायला,' मुलाचे वडील म्हणाले.

'इथं चहा मिळत न्हाई. पाटी हाय भाईर,' मी म्हणाले. 'आन मला बघायचं आसंल तर भाईर येऊन बसा. समोरासमोर बघा, काय विचारायचं ते विचारा. माझं काम साडेपाचला संपतंय.'

मामा छताकडे बघू लागले. मुलाचे वडील मात्र माणूस म्हणून वाईट नसावेत. त्यांनी खाली बघतच विचारलं, 'लग्नानंतरबी आसंच बसणार का, पोरी?'

'व्हय. आसंच. खिडकीपाशीच.'

ते उठले. जाताना त्यांनी अण्णाला दूध आहे का, असंही विचारून घेतलं. अण्णा नाही म्हणाला.

निरोप काकांच्या हाती आला: मुलगी फटकळ आहे. आहे! मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते अप्पांनी बोलणं टाकलं त्याचं. व्यायामाला हात धरला की ते तो काढून घ्यायचे आणि मी परत धरायची. असे चार-सहा दिवस गेले. मग एका सकाळी हात माझ्याच हातात ठेवून त्यांनी विचारलं, 'पडद्यामागं बसले हुते म्हनं?'

'व्हय.'

'तिघंबी?'

'तिघंबी.'

'गडीमाणसं!' अप्पा म्हणाले, आणि अर्ध्या तोंडानं हसायला लागले. अर्ध्या तोंडानं माणूस इतकं हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. अव्वा भाकरी टाकून धावत आली.

त्याच दुपारी दुकानापुढे रिक्षा थांबली. रिक्षावाल्याच्या खांद्यावर एक हात आणि दुसऱ्यात काठी, असे अप्पा उतरले. आजारपणानंतर घरातून बाहेर पडायची, दवाखाना सोडला तर, त्यांची ती पहिलीच वेळ. मी कॉलवर होते, उठता येईना. अण्णा धावला आणि सवयीनं त्याचं बोट पडद्याकडे गेलं. 'आत बसा अप्पा, निवांत.'

'आत बसायला मी काय सोयरा हाव?' अप्पा म्हणाले, आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड करून बसले. अडतीवर बसायचे तसेच, मांडीवर हात ठेवून. अण्णानं कॉफी दिली. एका घोटात त्यांचा चेहरा वाकडा झाला, पण कप त्यांनी खाली ठेवला नाही.

तेवढ्यात वळणावरून काकांची स्कूटर आली. खिडकीसमोर ती नेहमीसारखी हळू झाली. अप्पांनी काठी फरशीवर आपटली आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात ओरडले, 'काय बघायलाव? माझी लेक काम करायली! या की, बसा!'

हेडफोनमध्ये मॅडमचा आवाज आला, 'कोण ओरडतंय तिथं?'

माझं बोट बटणावर गेलंच होतं. ते मी दाबलं नाही.

'माझे वडील आहेत,' मी म्हणाले. 'मी घरी नाही, मॅडम. कॉफीच्या दुकानात आहे, खिडकीपाशी. रोज इथूनच काम करते. पुढचा स्क्रीन उघडू?'

मग मॅडम म्हणाल्या, 'उघड.'

समोर अप्पा अजून काकांना आत बोलावत होते.