किंमत आडवी की उभी?

अठरा वर्षं गणित शिकवून माझ्याकडं काय जमा झालं विचाराल, तर किस्से! सूत्रं पुस्तकात सापडतात, पोरांची बोलणी कुठं छापून येतात? स्टाफरूममध्ये चहा आला की एक आठवतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि घंटा झालेली कुणालाच ऐकू येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. सायन्सला गणित घेणारी पोरं कमी झाली, तसं प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, बी.ए.च्या इकॉनॉमिक्सवाल्यांना गणिताचा एक पेपर आहे. तेवढा तुम्ही सांभाळा." मी आधीच चिडकी बाई. तणतणतच वर्गात गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'कॅल्क्युलस'.

मागच्या बाकावरून एक जण उठला. "मॅडम, जाऊ का? एस.टी. हाय."

"जा."

मग दुसरा, मग तिसरा. सहावा उठला तेव्हा माझं डोकं फिरलं. सकाळचे अकरा वाजलेले! "कुठली रे एस.टी. तुझी?"

तो शांतपणे म्हणाला, "मिळंल ती."

*

सगळी पळाली तरी पहिल्या बाकावरची सारजा कधी उठली नाही. मेंढपाळाची पोर, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. तिला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं, आणि बी.एड.ला पदवी लागते. तीन वर्षांत तिचे बाकीचे सगळे पेपर सुटले, हा गणिताचा तेवढा अडकला. पास व्हायला शंभरातले चाळीस पाहिजेत. पहिल्या खेपेला तिला एकतीस पडले, दुसऱ्या खेपेला अडतीस.

अडतीस! नापासच करायचं तर वीस द्या, पंधरा द्या. अडतीस म्हणजे उंबऱ्यापर्यंत आणून दार लावून घेणं झालं.

*

त्या अडतीसची हकिकत सांगते, कारण त्यात दोष माझा आहे.

इकॉनॉमिक्सचे कदम सर मागणीचा वक्र काढताना किंमत उभ्या अक्षावर घेतात. त्यांच्या विषयाची रीतच ती. पण गणितात ज्याच्यावर दुसरं अवलंबून असतं, ते आडव्या अक्षावर घ्यायचं. किमतीवर मागणी अवलंबून, म्हणून मी किंमत आडवी घेतली. कदम सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, आमच्यात तसं नसतं." मी म्हणाले, "तुमच्यात चुकीचं असतं." आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

नळदुर्गचा सलीम, हायवेवर वडिलांचा ढाबा असलेला, एक दिवस वर्गात उभा राहिला. "मॅडम, तुमची किंमत आडवी आन् सरांची उभी. आमची तक्रार न्हाय. फक्त पेपर कोन तपासनार हाय, तेवढं सांगा."

वर्ग हसला, मीही हसले आणि विसरून गेले.

निकालानंतर सारजानं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. आम्ही दोघी ती घेऊन बसलो. मागणीचा वक्र सुबक, पट्टी लावून काढलेला. किंमत आडवी. त्याच्यावर तपासणाऱ्या इकॉनॉमिक्सवाल्याची लाल रेघ आणि समोर शून्य. त्या आकृतीला मार्क होते दोन.

सारजा म्हणाली, "मॅडम, तुमी शिकवलं तसंच काढलं व्हतं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. मी घरी जाऊन रडले, खोटं कशाला सांगू! दुसऱ्या दिवशी कदम सरांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आजपासून किंमत उभी."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

*

तिसऱ्या खेपेसाठी मी रोज सकाळी नऊला सारजाला शिकवायला लागले. एकटीसाठी म्हणून सुरू केलेल्या तासाला सात-आठ जण यायला लागले. त्यांची एस.टी. बहुतेक उशिरा सुटायला लागली असावी.

एकदा गणित घातलं : किती ट्रॅक्टर लावले तर नफा जास्तीत जास्त होईल? उत्तर आलं साडेतीन. मी म्हणाले, "आता डोकं चालवा. ट्रॅक्टर अर्धा असतो का कधी? पूर्ण आकडा सांगा."

ढोकीचा सचिन म्हणाला, "असतोय की! आमच्या घरी अर्धाच हाय."

"म्हणजे?"

"अर्धा चुलत्याचा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्यात तर बोअर बी पावच हाय!" मग निम्मा वर्ग आपापला हिस्सा सांगायला लागला. सारजा तोंडावर ओढणी धरून हसत होती. अडतीसनंतर तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. उत्तर मी साडेतीनच ठेवलं.

*

सारजाला एक गोष्ट काही केल्या कळत नव्हती. वक्राच्या शिखरावर उतार शून्य का होतो? मी आकृत्या काढल्या, सूत्रं लिहिली, हातवारे केले. ती मान हलवायची, पण डोळ्यांत काही उजेड पडायचा नाही. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. माझा घसा बसला आणि आवाज चढला. "अगं, एवढं साधं कसं कळत नाही!"

ती खाली बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सलीम हळूच म्हणाला, "मॅडम, म्या सांगू? सारजा, हे बघ. भरलेला ट्रक घाट चढतोय. चढ हाय, चढ हाय, अजून चढ हाय. मग माथा आला. आता उतार लागनार, पन अजून लागला न्हाय. त्या जाग्यावर ट्रक ना चढतोय ना उतरतोय. तेवढंच ते शून्य."

सारजा म्हणाली, "एवढंच व्हय!"

अठरा वर्षांत मला जे जमलं नाही, ते ढाब्यावरच्या पोरानं अर्ध्या मिनिटात केलं. मी त्याची पाठ थोपटली, अगदी मनापासून.

तो म्हणाला, "पाठ ऱ्हाऊ द्या मॅडम. इंटर्नलला मार्क किती देनार?"

*

परीक्षेचा दिवस. आपल्याच विषयाचा पेपर असला की त्या हॉलमध्ये आपली ड्यूटी नसते. पण माझा पाय कुठं ठरतोय! हातात रिकामी बाटली घेऊन मी व्हरांड्यातून फेऱ्या मारायला लागले. पहिल्या फेरीला सारजा लिहीत होती. दुसऱ्या फेरीला पेन खाली ठेवून भिंतीकडं बघत होती. तिसऱ्या फेरीला तिनं पट्टी काढली होती.

दाराशी आमचे शिपाई, शेखमामू बसलेले. ते अदबीनं म्हणाले, "म्याडम, पानी त्या बाजूला है. इधर फकत पोरं है."

*

निकाल लागला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. मोबाईलवर सारजाचा सीट नंबर टाकला. चाळीस! दोनदा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. कदम सरांनी पेढे आणायला माणूस पाठवला. सारजाचा फोन मात्र लागेना.

दुपारी दारात एक उंच माणूस आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. चपला बाहेर काढल्या होत्या. "म्या सारजाचा बाप, बिरू. आमची मेंढरं हितंच शिवारात बसवल्याती. निकाल हाय म्हनं आज. पोरगी यायला भ्याली. म्हनली, आप्पा, तुमीच जाऊन या, म्या मेंढराकडं बघते."

मी त्यांना बळंबळं खुर्चीवर बसवलं, चहा दिला. म्हटलं, चांगली बातमी जरा चवीनं सांगू. उगाच विचारलं, "आप्पा, मेंढरं किती तुमची?"

"मोजीत नसतो म्याडम. नजर लागती."

"मग एखादं मागं राहिलं तर कळतं कसं?"

ते हसले. "तुमी वर्गात गेल्यावर कोन आलं न्हाय, ते मोजून कळतंय व्हय?"

कदम सर खो खो हसले. आप्पांनी बशी खाली ठेवली. बोटं एकमेकांत गुंतवून विचारलं, "काय झालं म्याडम, पोरीचं?"

"चाळीस!" मी म्हणाले.

"कितीतले?"

"शंभरातले."

त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजी साठ मागंच राह्यली."

"अहो आप्पा, तसं नाही..." मी सांगायला लागले, तेवढ्यात ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"म्याडम, पोरीला बोलू नका. आमच्यात कळपाला दोन मानसं लागत्यात, एक म्होरं आन् एक मागं. तिच्या म्होरं आमच्यातलं कुनी गेल्यालं न्हाय, मागं बी कुनी न्हाय. एकटी गेली, आन् चाळीस घिऊन आली की वो!"